मग त्याने केले काय?

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस घरच्या लग्नासाठी आम्ही सगळे कोल्हापूरला जमलो होतो. मांडवात पहिली पंगत बसली होती, माझ्या हातात मठ्ठ्याची किटली होती, आणि चौदा वर्षांचा भाचा माझ्या मागे मागे मोबाइल घेऊन फिरत होता. "मामा, हे एकदाच बघ," असे म्हणून त्याने मला एकच गोल सहा वेळा दाखवला. हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड आणि डेन्मार्क यांचा सामना सुरू होऊन जेमतेम तिसरे मिनिट चालू होते. बाजूने आलेल्या चेंडूकडे जाताना स्कॉट मॅकटॉमिनेने गोलाकडे पाठ केली, तो हवेत आडवा झाला आणि त्याच्या डोक्याच्याही वर गेलेल्या पायाने चेंडू थेट जाळीत मारला. त्या रात्री स्कॉटलंड ४-२ असा जिंकला आणि १९९८ नंतर प्रथमच पुरुषांच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. "आणि हा स्ट्रायकर पण नाही मामा, मिडफिल्डर आहे," भाचा म्हणाला. तो स्वतः शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळतो, त्यामुळे त्याच्या आवाजात थोडा जातीचा अभिमान होता. मीही किटली खाली ठेवली आणि मामेपणाच्या भरात म्हणालो, की स्कॉटलंडचा पॉल लॅम्बर्ट नावाचा एक मिडफिल्डर असाही होता, ज्याने युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानला अडवून धरले होते. झिदानचे नाव ऐकताच त्याने तिथेच शोध घेतला, १९९७ च्या त्या सामन्यातील नऊ-दहा मिनिटांची क्षणचित्रे काढली, केळीच्या पानांच्या ढिगाला टेकून ती शेवटपर्यंत पाहिली, आणि परत येऊन मला अगदी सरळपणे विचारले, "मामा, हा लॅम्बर्ट एकदाच दिसला. मग त्यानं केलं काय?"

मी काहीतरी बोललो. झिदानला खेळू दिले नाही, असे म्हणालो. ते मलाच पटले नाही, कारण त्या क्षणचित्रांत झिदानही फारसा दिसत नव्हता, आणि जो दिसत नाही त्याला कोणी दिसू दिले नाही हे चौदा वर्षांच्या मुलाला मांडवातल्या गोंगाटात कसे सांगायचे, हे मला सुचेना. तेवढ्यात कोणीतरी मठ्ठ्यासाठी हाक मारली आणि माझी सुटका झाली. पुढे पुण्याला परत आल्यावर मात्र तो प्रश्न पायात मोडलेल्या काट्यासारखा राहिला. चालताना जाणवत नसे, पण थांबलो की ठसठसत असे.

खरे तर पॉल लॅम्बर्टविषयी अधिकाराने बोलायचा मला हक्कच नव्हता. मी त्याला पहिल्यांदा पाहिले, किंवा पाहायला हवे होते, ते १० जून १९९८ च्या रात्री. पॅरिसच्या उपनगरातल्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर विश्वचषकाचा पहिला सामना होता, ब्राझील विरुद्ध स्कॉटलंड, आणि आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. पेठेतल्या तालमीत कोणाच्या तरी घरचा रंगीत टीव्ही उचलून आणला होता. बाहेर पावसाची पहिली सर पडून गेली होती आणि आत ओल्या लाल मातीचा, घामाचा आणि भाजलेल्या शेंगांचा मिळून एक वास भरला होता. कोल्हापुरात फुटबॉल पाहणाऱ्यांची जी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक पेठेचा एक परका देशही ठरलेला असतो. आमच्या पेठेचा ब्राझील होता. पाचव्याच मिनिटाला सीझर सॅम्पायोने गोल केला तेव्हा तालमीचे पत्रे थरथरले. जॉन कॉलिन्सने पेनल्टीवर बरोबरी साधली तेव्हा शांतता पसरली, आणि उत्तरार्धात टॉम बॉइडच्या अंगाला लागून चेंडू त्याच्याच गोलात गेला तेव्हा पुन्हा जल्लोष झाला. रोनाल्डो चेंडू घेऊन निघाला की पन्नास माणसे एकदम श्वास रोखत. रिवाल्डोचा पायात पाय, काफूची धाव, दुंगाचे ओरडणे हे सगळे मला आजही जसेच्या तसे आठवते. निळ्या कपड्यातल्या ११ जणांत मधोमध लॅम्बर्ट होता, युरोपचा सर्वांत मोठा चषक जिंकून त्याला वर्षच झाले होते.

त्या रात्री मी त्याला एकदाही पाहिले नाही.

लॅम्बर्ट ज्या गावात वाढला ते लिनवुड ग्लासगोच्या पश्चिमेला, पेझलीला लागून आहे. तिथे मोटारींचा मोठा कारखाना होता, हिलमन इम्प ही छोटी गाडी तिथेच तयार होत असे. १९८१ मध्ये तो बंद पडला तेव्हा लॅम्बर्ट अकरा वर्षांचा होता. कारखाना गेलेल्या गावातील मुलांना फुटबॉल हा छंद राहत नाही, पण म्हणून तो भरवशाचा धंदाही ठरत नाही. शंभरांतून एखाद्याला तो पोटाला लावतो. पेझलीच्या सेंट मिरेन क्लबने त्याला अगदी कोवळ्या वयात उचलले, आणि मे १९८७ मध्ये, अठरावे वर्षही पुरे झाले नसताना, तो स्कॉटिश कपचा अंतिम सामना खेळला. डंडी युनायटेडविरुद्ध अतिरिक्त वेळेत १-० असा विजय मिळाला. इतक्या लवकर चषक हाती आला की लोक त्या मुलाकडून मोठ्या अपेक्षा करू लागतात, पण पुढची सहा वर्षे लॅम्बर्ट त्याच क्लबात, उतरणीला लागलेल्या संघाबरोबर खेळत राहिला. १९९३ मध्ये तो मदरवेलला गेला. ते पोलादाचे गाव, तिथल्या क्लबला आजही लोक पोलादवालेच म्हणतात, पण रेव्हन्सक्रेगचा अवाढव्य कारखाना त्याच्या आधीच्या वर्षीच बंद झाला होता. म्हणजे मोटारी नसलेल्या मोटारींच्या गावातून तो पोलाद नसलेल्या पोलादाच्या गावात आला. तिथे तो बरा खेळला, त्याला राष्ट्रीय संघात बोलावणे आले, आणि १९९४-९५ च्या हंगामात मदरवेल ग्लासगोच्या रेंजर्स क्लबच्या मागोमाग दुसऱ्या स्थानावर राहिले. त्याच हंगामात युएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत त्यांची गाठ जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडशी पडली आणि दोन्ही सामने ते हरले.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या बाजूने निकाल दिला. करार संपलेल्या खेळाडूला आता क्लब अडवून ठेवू शकत नव्हता, त्याच्यासाठी पैसे मागू शकत नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात लॅम्बर्टचा करार संपला आणि त्याने जे केले ते मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसाचे कृत्य वाटते. तो चाचणीला गेला. आधी नेदरलँड्समध्ये पीएसव्ही आइंडहोव्हनकडे, तिथे काही जमले नाही. मग डॉर्टमुंडकडे, ज्यांच्याकडून तो हरला होता आणि जे लागोपाठ दोन वर्षे जर्मनीचे विजेते होते. वय सव्वीस संपून सत्ताविसावे लागण्याच्या बेतात, पदरी एक चषक, देशाचा सदरा अंगावर चढवून झालेला, आणि हा गृहस्थ बुटांची पिशवी घेऊन परक्या देशात, परक्या भाषेत, 'मला खेळवून पाहा' असे म्हणत उभा राहतो. आपल्याकडे वयाच्या तिशीला मुलाखतीच्या रांगेत उभे राहायची वेळ आली की नातेवाईक कसे हळू आवाजात बोलतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला यातली कोंडी कळेल. डॉर्टमुंडने त्याला ठेवून घेतले.

तिथे प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड होते, गणिताचा अभ्यास केलेले, रेनकोट घालून शांतपणे उभे राहणारे गृहस्थ. त्यांच्या संघात मॅथियास झामर, यूर्गेन कोहलर, आंद्रेयास म्योलर अशी मोठी नावे होती. झामर तर त्याच वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा संघात पुढे जाऊन कर्तबगारी दाखवायला माणसे होतीच, मागे राहायला हवी होती. स्कॉटलंडमध्ये बराच पुढे मागे धावणारा लॅम्बर्ट इथे बचावफळीच्या पुढ्यात, एका ठरलेल्या पट्ट्यात उभा राहू लागला. जर्मन भाषा येत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला तो इतरांकडे पाहूनच शिकला असणार. भाषा न कळणारा माणूस इतरांचे खांदे, मान, पावलांची दिशा जास्त नीट वाचू लागतो, हे मला पुढे तिथे राहिल्यावरच उमगले.

कंपनीच्या कामासाठी मी एकदा दोन महिने डॉर्टमुंडला होतो. ह्योर्डे नावाच्या भागात खोली मिळाली होती, आणि खिडकीतून एक सुरेख तळे दिसत असे, काठाला नवी पांढरी घरे, पाण्यात शिडाच्या होड्या. पहिले चार-पाच दिवस मी त्याला नैसर्गिक तळेच समजत होतो. मग कळले की तिथे पिढ्यान् पिढ्या पोलादाचा कारखाना होता. तो २००१ मध्ये बंद झाला, त्याची यंत्रे सुटी करून चीनला नेली गेली आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी सोडले. हे मला सांगणारे आजोबा त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले होते आणि कोपऱ्यावरच्या एका लहानशा दारूच्या गुत्त्यात रोज संध्याकाळी एकाच खुर्चीवर बसत. माझे जर्मन मोडके, त्यांचे इंग्रजी त्याहून मोडके. भारतीय माणसाशी काय बोलावे, या अडचणीत त्यांनी फुटबॉल काढला, आणि मीही काहीतरी बोलायचे म्हणून ऐकीव माहितीवर लॅम्बर्टचे नाव घेतले. आजोबांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांच्या गल्लीतल्या कुणाची खुशाली विचारली होती.

बोलण्यापेक्षा दाखवणे सोपे म्हणून त्यांनी टेबल मोकळे केले. मिठाची बाटली म्हणजे डॉर्टमुंडचा गोल. दोन युरोचे नाणे म्हणजे झिदान. ग्लासाखाली ठेवतात ती पुठ्ठ्याची गोल चकती, बियरने ओली होऊन कडा फुगलेली, तो लॅम्बर्ट. उजव्या हाताच्या बोटाने ते नाणे सरकवू लागले आणि डाव्या हाताने चकती. नाणे डावीकडे गेले, चकती डावीकडे. नाणे मागे हटले, चकती अर्धे अंतर पुढे येऊन थांबली. मी मान डोलावत होतो, यात काय एवढे, असे मनात म्हणत होतो. त्यांना ते कळले असावे. त्यांनी सगळे पुन्हा, हळू हळू करून दाखवले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की चकती दर वेळी नाण्याच्या आधी हलत होती. नाणे जिथे जाणार तिथे ती आधीच पोहोचलेली असे. मग त्यांनी खिशातून एक सेंटचे तांबडे नाणे काढून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवले आणि त्यावर बोट आपटले. झिदानला चेंडू देणारा तो. लॅम्बर्ट त्याच्याकडे पाहत असे. संपूर्ण खेळात चकतीने मोठ्या नाण्याला एकदाही स्पर्श केला नाही.

अंतिम सामना २८ मे १९९७ रोजी म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर, म्हणजे डॉर्टमुंडच्या दृष्टीने प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकच्या दारात झाला. समोर झिदानचा इटलीतला क्लब युव्हेंटस होता. ते गतविजेते होते, आणि त्यांना कोणी हरवेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. डॉर्टमुंडने उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडला दोन्ही सामन्यांत १-० असे हरवले होते, तरीही. एकोणतिसाव्या मिनिटाला कॉर्नरवरून परत बाहेर आलेला चेंडू उजवीकडे लॅम्बर्टकडे आला आणि त्याने तो उचलून दूरच्या खांबाकडे टाकला. कार्ल-हाइन्झ रीडलने छातीवर घेऊन गोल केला. भाच्याला लॅम्बर्ट एकदाच दिसला तो हाच. पाच मिनिटांनी म्योलरच्या कॉर्नरवर रीडलने डोक्याने दुसरा गोल केला. उत्तरार्धात युव्हेंटसने डेल पिएरोला आणले आणि त्याने पासष्टाव्या मिनिटाला टाचेने असा काही गोल केला, की हरणाऱ्या बाजूचा नसता तर तोच त्या सामन्याची ओळख ठरला असता. मग वीस वर्षांचा लार्स रिकेन, डॉर्टमुंडचाच मुलगा, राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून मैदानात आला आणि चेंडूला पहिलाच पाय लावताना त्याने पंचवीस-तीस यार्डांवरून तो गोलरक्षक पेरुझीच्या डोक्यावरून वळवला. ३-१. झिदान तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि शेवटपर्यंत मैदानात होता. युव्हेंटसला संधी मिळाल्या नाहीत असे नाही, चेंडू खांबाला लागूनही परतला, आणि सारे श्रेय एका माणसाच्या पदरात टाकणे कोहलर-झामरवर अन्याय करणारे होईल. तरीही युरोपातल्या क्लबांची ही स्पर्धा चॅम्पियन्स लीग या नावाने सुरू झाल्यापासून ब्रिटनबाहेरच्या क्लबकडून ती जिंकणारा पहिला ब्रिटिश खेळाडू त्या रात्री लिनवुडचा पॉल लॅम्बर्ट ठरला.

झिदानची आणखी एक गंमत आहे. पुढच्या वर्षीही तो युरोपचा अंतिम सामना हरला. शेवटी तो चषक त्याने जिंकला १५ मे २००२ रोजी, उंचावरून खाली येणाऱ्या चेंडूला डाव्या पायाने मारलेल्या त्या गोलाने, जो जगभर दाखवला जातो. ते मैदान ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क होते, लॅम्बर्टच्या घरापासून काही मैलांवरचे. मॅकटॉमिने आडवा झाला तेही तेच गवत. मैदानांना दाखवण्यासारखे करणारी माणसे लक्षात ठेवायला आवडत असावीत.

चषक जिंकल्यावर सहा महिनेही झाले नव्हते, तोच लॅम्बर्ट डॉर्टमुंड सोडून घरी निघाला. नोव्हेंबर १९९७. कारण घरचे होते. कुटुंबाला स्कॉटलंडला परतायचे होते, आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने बोलावले होते. यावर माझे मत अजून स्थिर झालेले नाही. कधी वाटते, कारकिर्दीच्या ऐन भरात, जिथे आपल्याला ओळखणारा प्रशिक्षक आहे, जिथे पन्नास हजार लोक आपल्या नावाने ओरडतात, तिथून कोण उठून जाते? कधी माझी ह्योर्डेची खोली आठवते, रात्री साडेआठला तळ्यावर अजून ऊन असे, घरी फोन लावला की तिकडे बारा वाजून गेलेले असत, आई झोपेतून उठून "जेवलास का?" एवढेच विचारी. दोन महिन्यांत मला कंपनीने मुक्काम वाढवायचे विचारले आणि मी नाही म्हणालो. त्याचा पश्चात्ताप झाला नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या नकाराच्या दिवशी मला जितकी शांत झोप लागली, तितकी तिथे एकदाही लागली नव्हती.

निरोपाच्या रात्री वेस्टफालेन स्टेडियमवर काय झाले, हे मला त्या आजोबांनी सांगितले आणि पुढे मी वाचलेही. सामना संपला, पण लोक गेले नाहीत. दक्षिणेकडच्या उभ्या स्टँडमधून, पिवळ्या-काळ्या मफलरांच्या त्या भिंतीतून लॅम्बर्टच्या नावाची हाक येत राहिली, तो मैदानाला फेरी मारायला निघाला आणि त्याला रडू आवरेना. जेमतेम सव्वा वर्ष तिथे राहिलेला, गोल करण्यासाठी प्रसिद्ध नसलेला, परक्या भाषेचा माणूस. आजोबा हे सांगताना चकतीच्या फुगलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मी विचारले, की तुम्ही सामन्यात नेमके त्याच्याकडे कसे पाहत होता? ते म्हणाले, आम्ही भट्टीवर काम केलेली माणसे. पुढचे मी नीट समजू शकलो नाही. शब्द होता, तो मला येत नव्हता, आणि त्यांनी हातवाऱ्यांनी जे दाखवले ते एखादा मोठा दरवाजा हळू हळू लावून घेण्यासारखे काहीतरी होते.

सेल्टिकमध्ये पुढे त्याचे बरेच काही झाले, आणि स्कॉटलंडमध्ये लोक त्याला त्यासाठीच जास्त ओळखतात. सेल्टिकचे गावातलेच प्रतिस्पर्धी रेंजर्सने लागोपाठ नऊ वर्षे लीग जिंकली होती, दहावी जिंकली असती तर सेल्टिकचा जुना नऊचा विक्रम मोडला असता. मे १९९८ मध्ये सेल्टिकने तो घोडा अडवला, आणि त्या हंगामात २ जानेवारीला रेंजर्सविरुद्ध लॅम्बर्टने लांबून मारलेला गोल, जाळीच्या वरच्या कोपऱ्यात गेलेला, ग्लासगोच्या हिरव्या बाजूला, म्हणजे सेल्टिकवाल्यांना, आजही ठाऊक आहे. म्हणजे मारायचा म्हटला तर येत होता. चार लीग विजेतेपदे, कप्तानपद, २००२ मध्ये पत्रकारांनी निवडलेला स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू, देशासाठी ४० सामने आणि एक गोल. २००३ मध्ये सेव्हिलला युएफा कपच्या अंतिम सामन्यात तो सेल्टिकचा कप्तान होता. सेल्टिकच्या लार्सनने दोनदा बरोबरी साधूनही अतिरिक्त वेळेत पोर्तुगालच्या पोर्तोने ३-२ असे हरवले. नंतर तो प्रशिक्षक झाला, इंग्लंडच्या नॉरिच क्लबला लागोपाठ दोन वर्षांत दोन पायऱ्या वर नेले, पुढे काही ठिकाणी जमले, काही ठिकाणी नाही. प्रशिक्षकाच्या परवान्याची परीक्षा त्याने जर्मनीत जाऊन दिली होती, हे मात्र मला आवडते.

जानेवारीत भाचा शाळेच्या सहलीतून पुण्यात उतरला आणि एक रात्र आमच्याकडे राहिला. मी तो अख्खा सामना शोधून ठेवला होता, नव्वद मिनिटांचा, जर्मन समालोचनाचा, चित्र थोडे मळकट. जेवण झाल्यावर त्याला अट घातली: चेंडूकडे पाहायचे नाही, फक्त लॅम्बर्टकडे पाहायचे. पहिली दहा मिनिटे त्याने कशीबशी काढली. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे लॅम्बर्ट अनेकदा चौकटीतून निसटतो आणि मग त्याला पुन्हा शोधावे लागते. मग शोधण्याचाच खेळ झाला. "हा बघ, परत तिथंच," तो म्हणे. "मामा, हा पळत का नाही? चालतोय." मी काही बोललो नाही. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास त्याने पाय वर घेऊन मांडी घातली, पडद्याजवळ सरकला आणि स्वतःशीच बोटाने गादीवर काहीतरी आखू लागला. मध्यंतर आले, गेले. बायकोने येऊन दिवा मालवायला सांगितला, तो मी मालवला, आणि मळकट हिरव्या उजेडात आम्ही दोघे पाहत राहिलो. उत्तरार्ध सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "मामा, झिदानला बाहेर काढलं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "आहे की. तो बघ, त्याच्या मागं."